स्वतःशी बोललात? एक गुण!

सप्टेंबर १९८७ मध्ये जॉन पोस्टेल नावाच्या दाढीवाल्या गृहस्थांनी एक गुणपत्रक छापलं. हे पोस्टेल म्हणजे साधी असामी नव्हे. इंटरनेटचे कायदेकानून ज्या कागदांत लिहिलेले असतात, त्या आरएफसी नावाच्या दस्तऐवजांचे ते कित्येक वर्षं संपादक होते. त्या काळी विद्यापीठांतली आणि कंपन्यांतली मंडळी आपापली टीसीपी, म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्रांची आपसात बोलायची मूळ रीत, लिहून आणायची आणि एकमेकांच्या यंत्रांना जोडून बघायची. या जोडाजोडीत कोणाला किती गुण द्यायचे ते पोस्टेलसाहेबांनी आरएफसी १०२५ मध्ये मुष्टियुद्धाच्या वजनी गटांप्रमाणे मांडलं. सगळ्यात हलक्या गटात स्वतःशी जोडणी जमली की एक गुण. स्वतःला काहीतरी सांगता आलं की आणखी एक. न कोसळता ते बोलणं संपवता आलं की आणखी एक. मधल्या गटात दुसऱ्याशी जोडणी जमली तर दोन. जड गटात प्रतिस्पर्ध्याला नियमात राहून आडवं करण्याचे गुण वेगळे आणि नियम गुंडाळून आडवं करण्याचे वेगळे. शिवाय बोनस होताच. सर्वांत उत्तम सबबीला १० गुण. सर्वांत कमी सबबी सांगणाऱ्याला २०.

सबबींना उघडपणे गुण देणारं बोर्ड मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. बाकीच्यांकडे ते अंतर्गत मूल्यमापनात धरतात.

हे गुणपत्रक मला जवळचं वाटतं, कारण माझा धंदाच इंटरनेटवरच्या टेलिफोनचा आहे. या टेलिफोनच्या भाषेला सिप म्हणतात. पुण्यात चारचौघांत हा शब्द उच्चारला की कोणीतरी ताबडतोब विचारतं, "कुठल्या फंडात?" मी सिपमध्ये आहे हे लग्नाच्या बोलाचालीतच सांगितलं होतं. त्यामुळे सासऱ्यांचा ठाम समज आहे की जावई गुंतवणुकीचा सल्लागार आहे. मार्केट पडलं की ते माझ्याकडे बघून नुसते "हं" म्हणतात. खुलासा करायचं मी सोडून दिलंय. "यंत्रं एकमेकांशी बोलतात की नाही ते मी तपासतो," असं सांगून जावयाची किंमत वाढेल अशी चिन्हं नाहीत.

तर ही सिप. हिचा पहिला मसुदा मार्च १९९९ मध्ये पक्का झाला आणि जून २००२ मध्ये सुधारून नवा आला, आरएफसी ३२६१, पानं २६९. त्यात ॲटलांटाची ॲलिस बिलॉक्सीच्या बॉबला फोन लावते. ॲलिसकडून 'इन्व्हाइट' निघतं, म्हणजे रीतसर आमंत्रण. मधला सर्व्हर १०० म्हणतो, अर्थ 'बघतो, थांबा'. बॉबकडून १८० येतं, 'वाजतोय'. बॉबने उचलला की २००, 'ओके'. त्यावर ॲलिसने 'एसीके' पाठवायचं, म्हणजे 'तुमचं ओके पोचलं'. मग बोलणं, आणि शेवटी 'बाय'. फोन लागला नाही तर कारणांचे आकडे ठरलेले आहेत. ४०४ म्हणजे असा कोणी इथे नाही. ४८६ म्हणजे इथे बिझी, ६०० म्हणजे सगळीकडेच बिझी. ६०३ म्हणजे फोन बघितला, घ्यायचा नाही. आणि २०१७ मध्ये ६०७ आला, त्याचा अर्थ 'असले फोन मला नकोत'. प्री-ॲप्रूव्ह्ड लोनवाल्यांच्या तडाख्यात सापडलेल्या प्रत्येकाने या आकड्याला एक नारळ वाढवायला हरकत नाही.

"आम्हाला काय त्याचं, आम्ही साधे मोबाइलवाले," असं म्हणू नका. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं तेच मुळी टूजी-थ्रीजीला फाटा देऊन. तिथे आवाजही इंटरनेटच्याच रस्त्याने जातो, आणि मागोमाग इतरांनीही तीच वाट धरली. तुमच्या मोबाइलच्या कोपऱ्यात जी 'व्हीओएलटीई' अशी बारीक अक्षरं असतात, त्यांच्या पोटात सिपच आहे. तुम्ही साताऱ्याच्या मावशीला फोन लावता तेव्हा आधी एक 'इन्व्हाइट' जातं. मावशीने उचलून "कोण बोलतंय?" म्हणण्याआधी यंत्रांचं आपसात बरंच बोलून झालेलं असतं.

२००२ पासून ॲलिस आणि बॉब बिनबोभाट बोलताहेत, कारण दोघंही कागदावर राहतात. खऱ्या जगात ॲलिसचा फोन एका कंपनीचा, बॉबचा दुसरीचा, मधला सर्व्हर तिसरीचा आणि लाइन चौथीची. चौघांनीही तीच २६९ पानं वाचलेली असतात आणि चौघांचंही म्हणणं असतं की आमचं काम स्टँडर्डप्रमाणे आहे. तेही खोटं नसतं. या दस्तऐवजांत नियमांच्या तीन पायऱ्या असतात, केलंच पाहिजे, केलेलं बरं, आणि केलं तरी चालेल. कोणती पायरी कशाला म्हणायची यासाठी १९९७ साली निराळा आरएफसी काढावा लागला. इतकं करूनही प्रोजेक्टची डेडलाइन जवळ आली की 'केलेलं बरं' हे 'न केलेलंही बरं' असं वाचलं जातं. प्रत्येकाने वेगळी गोष्ट गाळलेली असते. दोघांनी गाळलेल्या गोष्टी समोरासमोर आल्या की फोन बंद पडतो.

यावर आमच्या धंद्याने काढलेला सोयीस्कर तोडगा म्हणजे ऑनलाइन स्वयंचाचणी. इंटरनेटवर चाचणीचे सर्व्हर उभे असतात. आपला फोन किंवा ऑफिसचं एक्स्चेंज तिथे रजिस्टर करायचं आणि बटण दाबायचं. सर्व्हर एकामागून एक संदेश सोडतो, आपलं यंत्र काय उत्तर देतं ते बघतो, आणि बरोबर असेल तर हिरवी टिक, नसेल तर लाल फुली. शेवटी पीडीएफ मिळते. या पीडीएफचं आमच्याकडे काय महत्त्व आहे ते बाहेरच्यांना कळायचं नाही. टेंडरला ती लागते, बिलाला ती लागते, आणि भांडणात तर ती पहिली लागते. परीक्षा घरी बसून द्यायची, वेळ आपण ठरवायची, लाल फुली आली तर सेटिंग बदलून पुन्हा बसायचं आणि सगळं हिरवं झालं की तेवढाच निकाल जपून ठेवायचा. अशा परीक्षेत कोणी नापास झाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

याहून घरगुती प्रकार म्हणजे एको टेस्ट. एक ठरावीक नंबर लावायचा. पलीकडे माणूस नसतो, यंत्र असतं, आणि तुम्ही जे बोलाल ते तुम्हालाच परत ऐकवतं. स्काइपवर 'एको१२३' नावाचं असंच एक खातं होतं. वर्षानुवर्षं लोकांनी तिथे खाकरून घेतलं, अखेर मे २०२५ मध्ये स्काइपच बंद झालं. स्काइपची मूळ भाषा खासगी होती, ती इतर कोणाला बोलायची परवानगीच नव्हती. त्यामुळे दुसऱ्याच्या यंत्राशी जुळत नाही ही कटकट त्यांना फारशी नव्हती. एकत्र कुटुंबात भांडणं होतात, सडाफटिंगाला काय!

एको टेस्ट मराठी माणसाने कशी करावी हे मात्र कोणत्याही आरएफसीत नाही. आमच्याकडे नवा मुलगा लागला की त्याला पहिल्या दिवशी हेच काम देतात. तो हेडफोन चढवतो, नंबर लावतो आणि सवयीने म्हणतो, "हॅलो? आवाज येतोय का?" क्षणभराने पलीकडून प्रश्न येतो, "हॅलो? आवाज येतोय का?" मुलगा चांगल्या वळणाचा असतो. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणं त्याला जमत नाही. तो म्हणतो, "हो, येतोय. माझा येतोय का?" पलीकडूनही होकार येतो आणि उलट विचारणाही येते. दोन्ही बाजूंनी इतकं एकमत असलेलं संभाषण मी टेलिफोनवर दुसरं ऐकलेलं नाही. मुलगा अहवालात लिहितो : आवाज दोन्हीकडून स्पष्ट.

पोस्टेलसाहेबांच्या हिशेबाने, एक गुण.

खरी गंमत पुढे आहे. तुमच्या घरातला राउटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला आतल्या आत एक पत्ता देतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. हे पत्ते १९९६ साली खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. माझ्या घरात १९२.१६८.१.५ आहे, तुमच्या घरात असेल, मावशीकडेही असेल. बिचाऱ्या फोनला एवढंच माहीत असतं. तो आमंत्रणाच्या आत भोळेपणाने लिहून टाकतो, 'माझ्यासाठीचा आवाज १९२.१६८.१.५ वर पाठवा'. मुंबईच्या मामांना पत्र लिहावं आणि उत्तराचा पत्ता म्हणून 'माजघर, फडताळाशेजारी' एवढंच लिहावं, तसला प्रकार. मामा आज्ञाधारक असले तर ते उत्तर स्वतःच्याच माजघरात नेऊन ठेवतील आणि भाच्याला पोचलं असं समजून निश्चिंत होतील. अशा वेळी फोन लागतो, वाजतो, उचलला जातो, बिलही सुरू होतं. फक्त एका बाजूला काही ऐकू येत नाही.

एको टेस्टचं यंत्र मात्र हे सगळं कोळून प्यालेलं असतं. तुम्ही आत काय पत्ता लिहिलाय तिकडे ते ढुंकूनही बघत नाही. आवाज ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत फेकतं. म्हणजे खऱ्या कॉलमध्ये जी चूक हमखास नडणार, नेमकी तीच या परीक्षेत पोटात घातली जाते. पेपर तपासणाराच उत्तर दुरुस्त करून गुण देत असेल तर मुलगा हुशार आहे की मास्तर, हे कसं ठरवायचं?

यात भर म्हणून राउटरमध्ये 'सिप एएलजी' नावाचा एक परोपकारी गडी बसवलेला असतो. जाणारी-येणारी सिपची पत्रं फोडायची आणि आतले चुकीचे पत्ते स्वतःहून दुरुस्त करायचे, हे त्याचं काम. हेतू उत्तम. पण तो तीन ठिकाणी पत्ता बदलतो आणि चौथ्या ठिकाणी विसरतो, किंवा जिथे फोनने शहाणपणाने आधीच बरोबर पत्ता लिहिलाय तिथे तो पुन्हा बिघडवतो. इंटरनेट फोनच्या धंद्यात जगभर कुठेही तक्रार करा, पहिला सल्ला हाच मिळतो की आधी ते एएलजी बंद करा.

आता एक प्रत्यक्ष प्रसंग सांगतो. नाशिककडच्या एका कारखान्यात नवं एक्स्चेंज बसलं. एक्स्चेंज एका कंपनीचं, लाइन दुसरीची. दोघांकडे हिरव्या टिकांनी भरलेली पीडीएफ. आणि बाहेरून आलेला प्रत्येक कॉल थोड्या वेळाने तुटायचा. तोडगा काढायला कॉन्फरन्स कॉल ठरला. तो अर्थातच साध्या मोबाइलवरून. इंटरनेट टेलिफोन दुरुस्त करायच्या बैठका इंटरनेट टेलिफोनवर घ्यायच्या नसतात, एवढं तारतम्य आमच्यात आहे.

एक्स्चेंजवाला म्हणाला, "सर, आमच्या एंडला सगळं ओके आहे."

लाइनवाला म्हणाला, "आमचाही रिपोर्ट क्लीन आहे, सर. सगळ्या टेस्ट पास."

कारखान्याचे ॲडमिन मॅनेजर म्हणाले, "मग कॉल तुटतो कुठे?"

"मधे कुठेतरी तुटत असेल, सर."

"मधे काय आहे?"

दोघांनी एकदमच सांगितलं, "मधे काही नाही, सर."

"बरं," मॅनेजर म्हणाले, "मग ते काही नाही दुरुस्त करायला मी कोणाला बोलावू?"

यावर दोघांनीही "ट्रेस काढून पाठवतो" असं सांगितलं. आमच्या धंद्यात "बघतो, कळवतो" याला हे म्हणतात. बैठक संपणार इतक्यात रिसेप्शनवरच्या ऑपरेटर बाई मागून म्हणाल्या, "साहेब, तो कधीही नाही तुटत. मी घड्याळ लावून बघितलंय. बरोबर बत्तीस सेकंदांनी तुटतो."

आम्हा तिघा इंजिनिअरांपैकी कोणीही घड्याळ लावून बघितलं नव्हतं. आमच्याकडे पीडीएफ होती ना!

बत्तीस हा आकडा या धंद्यात सुप्रसिद्ध आहे. बॉबचं 'ओके' गेलं की त्याची पोच, म्हणजे एसीके, यायला हवी. नाही आली तर बॉबचं यंत्र 'ओके' पुन्हा पाठवतं. आधी अर्ध्या सेकंदाने, मग एका, मग दोन, मग दर चार सेकंदांनी. पुस्तकात अर्ध्या सेकंदाची चौसष्ट पट एवढी मुदत घातलेली आहे. तिचे झाले ३२ सेकंद. तोवर पोच आली नाही तर यंत्र समजतं की पलीकडे कोणी नाही, आणि 'बाय' पाठवून मोकळं होतं. माणसं मात्र तोवर मजेत बोलत असतात. ट्रेस, म्हणजे यंत्रांच्या संदेशांची नोंद, उघडून बघितला तेव्हा एक्स्चेंजने त्या ३२ सेकंदांत 'ओके' अकरा वेळा पाठवलं होतं. ओके, ओके, ओके... खाली बोलणाऱ्यांचं लोखंडाच्या भावावर चाललं होतं आणि वर हे यंत्र कोणीतरी ऐकलं म्हणा हो, अशा विनवण्या करत होतं.

पोच का येत नव्हती? एक्स्चेंजने 'ओके'मध्ये स्वतःचा पत्ता लिहिला होता १९२.१६८ वाला. लाइनवाल्यांचं यंत्र आवाजाच्या बाबतीत दिलदार होतं, आला तिकडेच परत पाठवायचं. त्यामुळे बोलणं सुरळीत. पण पोचपावतीच्या बाबतीत ते पक्कं पुस्तकी होतं, लिहिलेल्या पत्त्यावरच पाठवणार. पोच गेली माजघरात. आणि दोघांच्याही स्वयंचाचणीत हे सापडलं नाही, कारण त्यातला प्रत्येक कॉल दहा सेकंदांत उरकून टिक मारलेली होती. दहा सेकंदांच्या परीक्षेत बत्तीस सेकंदांचा रोग कसा दिसणार? एका ओळीचं सेटिंग बदललं आणि फोन चालू झाला. दुरुस्तीचं श्रेय दोन्ही कंपन्यांनी आपापल्या अहवालात घेतलं. ऑपरेटर बाईंचा उल्लेख कुठेच नाही, म्हणून इथे करतो.

सिप ज्यांनी जन्माला घातली त्यांना हे सगळं ठाऊक होतं. म्हणून पहिला मसुदा पक्का झाल्यावर महिन्याभरातच, एप्रिल १९९९ मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी एक मेळावा भरवला. सिपच्या जनकांपैकी एक, हेनिंग शुल्झरिन, तिथेच प्राध्यापक. आपापलं यंत्र घेऊन या, एका खोलीत बसा, एकमेकांना फोन लावा आणि जे तुटेल ते तिथल्या तिथे दुरुस्त करा. अशा मेळाव्याला जुन्या टीसीपीच्या काळापासून 'बेक-ऑफ' म्हणत, पोस्टेलसाहेबांच्या गुणपत्रकाच्या मथळ्यातही तोच शब्द आहे. पुढे ध्यानात आलं की तो शब्द पिल्सबरी कंपनीच्या नावावर नोंदलेला आहे. तीच पिल्सबरी, जिच्या नावाचा आटा आपल्याकडे दुकानात मिळतो. अमेरिकेत तिने १९४९ साली सुरू केलेली केक-बिस्किटांची स्पर्धा त्याच नावाने ओळखली जाते. इंजिनिअरांनी निमूटपणे नाव बदलून 'सिपिट' केलं. जगातली टेलिफोन यंत्रणा नव्याने बांधायला निघालेले लोक पिठाच्या गिरणीपुढे नमले, हे मला फार लोभस वाटतं.

एका खोलीत जमण्याची गरज साध्या गणितातून येते. वीस कंपन्यांची यंत्रं असतील तर प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावायला १९० जोड्या होतात. शंभर असतील तर ४९५०. स्वयंचाचणीत मात्र प्रत्येकाची एकच जोडी, चाचणीच्या सर्व्हरशी. वीस जणांना वीस परीक्षा देऊन भागतं. मॅनेजमेंटला वीस हा आकडा १९० पेक्षा आवडतो, आणि त्यात त्यांची चूक आहे असंही म्हणवत नाही. विमानाचं भाडं कोण देणार?

या मेळाव्यांत अनुभवाला आलेल्या वाकड्यातिकड्या संदेशांचं पुढे एक संकलनच झालं. मे २००६ मध्ये आलेल्या आरएफसी ४४७५ चं नावच मुळी सिपचे छळ-चाचणी संदेश असं आहे. ऑनलाइन चाचणी खरीखुरी घ्यायची असेल तर तिच्यात ही प्रश्नपत्रिका घालावी. काय नाही त्यात? मजकुराची लांबी उणे लिहिलेला संदेश. सुरू केलेलं अवतरणचिन्ह बंदच न केलेला संदेश. तारीख ग्रिनिचच्या वेळेत लिहायची असताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेत लिहिलेला संदेश. सिपची दुसरी आवृत्ती चालू असताना 'मी सातव्या आवृत्तीचा' म्हणणारा संदेश. 'लांब' हा शब्द एकाला एक चिकटवून ओळीच्या ओळी भरलेला संदेश. आणि माझा सर्वांत लाडका म्हणजे २०० नंतर 'ओके' न लिहिता गणित घातलेला. २०० म्हणजे दोनाचा घन गुणिले पाचाचा वर्ग, आणि पुढे रशियन भाषेत माहिती दिली आहे की एकशे नव्याण्णव मात्र मूळ संख्या आहे. हा संदेश संपूर्णपणे वैध आहे. नियम एवढाच की यंत्राने आकडा बघायचा, पुढचा मजकूर माणसांसाठी असतो. पण कित्येक यंत्रं लिहिणाऱ्यांनी २०० च्या पुढे 'ओके' हीच दोन अक्षरं येणार असं गृहीत धरलेलं असतं. ती यंत्रं रशियन गणित ऐकून गप्प बसतात. म्हणजे वाकडं दिसणारं पुष्कळदा बरोबर असतं आणि सरळ चालणाऱ्यालाच नियम माहीत नसतो. हे हिरव्या टिकांनी कळत नाही.

याच जुळवाजुळवीच्या घोळाचा एक बळी तुम्हीही असाल. एखाद्या कंपनीला फोन केला की रेकॉर्डेड बाई सांगते, मराठीसाठी ३ दाबा. तुम्ही बाणेदारपणे ३ दाबता. बाई म्हणते, "आपण निवडलेला पर्याय चुकीचा आहे." पुन्हा ३. पुन्हा चुकीचा. तुम्हाला वाटतं हा भाषेवर अन्याय आहे. तो असेलही. पण बरेचदा कारण निराळं असतं. दाबलेलं बटण पलीकडे पोचवायच्या तीन रीती आहेत : आवाजातच 'टूं' असा सूर मिसळायचा, आवाजाच्या वाटेनेच पण 'तीन दाबलं' असा निराळा निरोप द्यायचा, नाहीतर सिपच्या पत्रातून कळवायचं. तुमच्या बाजूचं यंत्र खबरदारी म्हणून दोन रीतींनी पाठवतं आणि पलीकडचं दोन्ही मनावर घेतं. तुम्ही दाबलेला ३ तिथे ३३ होऊन पोचतो. तेहतिसावी भाषा त्यांच्याकडे नसते. किंवा उलट, एक बाजू एकाच रीतीने पाठवते आणि दुसरी नेमकी दुसऱ्याच रीतीची वाट बघत बसते. मग तुम्ही ३ दाबून दाबून बटणाचा रंग घालवलात तरी तिकडे शांतता. दोन्ही यंत्रं आपापल्या स्वयंचाचणीत पास झालेली असतात, हे आता सांगायला नकोच.

या सगळ्याच्या मुळाशीही पोस्टेलसाहेबच सापडतात. १९८० साली त्यांनी टीसीपीच्या कागदात एक सुभाषितासारखा नियम घातला होता. त्याचा आशय असा, की आपण वागावं काटेकोर आणि दुसऱ्याचं स्वीकारावं उदार मनाने. नियम फार गाजला. इंटरनेट वाढलं ते पुष्कळसं या उदारपणावरच. पण चालवून घेणारे वाढले की चुकणाऱ्यांना चुकल्याचं कळेनासं होतं. चूक रुळते. मग नवीन येणाऱ्याला ती चूकही सांभाळावी लागते, आणि काही वर्षांनी बरोबर लिहिणाराच विचित्र ठरतो. जून २०२३ मध्ये मार्टिन थॉमसन आणि डेव्हिड स्किनाझी यांनी आरएफसी ९४१३ मध्ये हेच मांडलं, की ही दिलदारी दीर्घकाळात यंत्रणेला पोखरते, त्यापेक्षा चुका उघड करा आणि दुरुस्त होत राहतील असं बघा. नियम पोस्टेलांचा असल्यामुळे त्यांनी ते पुष्कळ अदबीने मांडलंय. मी एवढी अदब पाळत नाही. परीक्षक उदार असू नये. फोन उदार असावा, एक्स्चेंज उदार असावं, लाइन तर असावीच असावी. पण चाचणीचा सर्व्हर खाष्ट पाहिजे. त्याने पत्ता बघितला पाहिजे, ३२ सेकंदांच्या पुढे कॉल धरून ठेवला पाहिजे, मधेच रशियन गणित घातलं पाहिजे, आणि पास होणाऱ्याची पीडीएफ देताना वर ठळक लिहिलं पाहिजे, की उमेदवार अजून फक्त माझ्याशी बोललेला आहे.

तोवर वाचकांना दोनच गोष्टी सांगून ठेवतो. घरी किंवा ऑफिसात इंटरनेटचा फोन असेल तर राउटरमधलं सिप एएलजी आधी बंद करा. सेटिंग सापडत नसेल तर घरातल्या नववी-दहावीतल्या मुलाला सांगा. आणि कॉल तुटत असेल तर कस्टमर केअरला फोन लावण्याआधी घड्याळ लावून बघा. बरोबर ३२ सेकंद भरले तर त्यांना शांतपणे विचारा, "आमचं एसीके कुठल्या पत्त्यावर जातंय?" पलीकडचा माणूस एकदम गप्प होईल. तो प्रश्नाने गप्प झाला की कॉलच तुटला, एवढी मात्र खात्री करून घ्या.